होडीच्या काठावरचं वजन

(रेडिओवरील भाषण, संपादित)

माझ्या बी.ए.च्या पदवीचा कविता लिहायला कधी उपयोग झाला नाही. परदेशातून आलेल्या खोक्यावरचा मजकूर वाचून दाखवायला मात्र तिच्यावाचून आमच्या घरात अडतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी माझा भाचा अमेरिकेतल्या मिशिगनहून सुट्टीला आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून एक जडसं यंत्र निघालं. शाळेपासूनचा त्याचा एक दोस्त मुळा धरणावर मासेमारी करतो, त्याच्यासाठी आणलेली ही भेट. दोस्ताच्या वडिलांनी, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते यंत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "कवी, तुम्ही शिकलेले. हे काय बेनं आहे, वाचून सांगा."

यंत्राचं नाव डाउनरिगर. नाव बोजड, पण काम अगदी सोपं. एक रहाट, त्यावर गुंडाळलेली पोलादी तार, काठाबाहेर दीड-दोन फूट जाणारा एक दांडा, दांड्याच्या टोकाला कप्पी. तारेला चार-पाच किलोचा गोळा टांगून तो पाण्यात सोडायचा. गळाच्या काठीचा तंगूस गोळ्याजवळच्या एका चिमट्यात अडकवायचा. होडी संथ चालत राहते आणि गोळा गळाला हव्या त्या खोलीवर धरून ठेवतो. माशानं आमिष ओढलं की तंगूस चिमट्यातून सुटतो. मग मासा, काठी आणि माणूस यांचा सामना सरळ सुरू होतो, मध्ये गोळ्याचं ओझं उरत नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या तळ्यांवर हे यंत्र रुळलं त्याला कारण आहे. 1966 साली मिशिगन राज्यानं आपल्या तळ्याला मिळणाऱ्या नद्यांमध्ये कोहो जातीचे सामन मासे सोडले. हा थंड पाण्यातला मासा. उन्हाळ्यात तळ्याचं वरचं पाणी तापतं, खालचं गारच राहतं, आणि मासा खाली उतरतो. नुसता गळ ओढत नेला तर होडीच्या वेगानं तो वर येतो, मासा खालीच राहतो. म्हणून हा गोळ्याचा उद्योग.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "आपला कटला वर येऊन खातो. तो या गोळ्याला काय करणार?" प्रश्न बिनतोड होता. आपल्या धरणांत सोसायट्या बीज सोडतात ते मुख्यतः कटला, रोहू, मृगलचं. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव खातो, चकाकत्या पत्र्यामागे धावत नाही. शिवाय आपली दख्खनची बरीचशी धरणं उन्हाळ्यात उथळ होतात. वारा आणि कालव्याचं आवर्तन यांनी पाणी ढवळतं, त्यामुळे मिशिगनसारखा गार थर टिकून राहीलच असं नाही. भंडारदऱ्याची गोष्ट निराळी, तिथं खोली आहे. चालत्या गळामागे येईल तो शिवडा किंवा एखादा खडस. तेव्हा पोटापाण्यासाठी हे यंत्र आपल्याकडे जवळजवळ निरुपयोगी आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. तरी त्याची हकिकत सांगतो आहे, कारण लहान होडीच्या काठावर काहीही बसवणाऱ्याला, मग ते जाळं ओढायचं चाक असो, दिव्याचा खांब असो की गळाच्या काठीची नळी, त्यात पुरेसं शिकायला आहे. आम्ही ते फार स्वस्तात शिकलो.

पोरांनी ते यंत्र बसवलं असं. होडी फायबरची, चौदा फुटी, रुंदीला चार फूट. काठाची बाहेर वळवलेली पट्टी जेमतेम पाव इंच जाड. तिच्यावर चार स्क्रू पिळले आणि झालं. गोळा भाच्यानं आणला नव्हता, विमानात वजन कोण नेणार? मग भुसार दुकानातलं पाच किलोचं लोखंडी माप मागून आणलं. शिसं लोखंडापेक्षा जड, म्हणून तेवढ्याच वजनाचा शिशाचा गोळा लहान होतो आणि पाणी त्याला कमी अडवतं, एवढाच फरक. उलट हरवलं तर लोखंड बरं. शिसं पाणपक्ष्यांच्या पोटात गेलं की विष होतं, ब्रिटननं 1987 साली गळाच्या लहान शिशांवर याच कारणानं बंदी घातली.

सकाळी मुळेच्या फुगवट्यात निघालो. इंजिनाशी भाच्याचा दोस्त, यंत्राशी भाचा, मध्ये मामा, पुढे मी. मला पोहता येत नाही. होडीत अंगात घालायची दोन जाकिटं होती आणि त्यांच्यावर आम्ही बसलो होतो, बूड दुखू नये म्हणून.

धरणाच्या पोटात काय काय असतं, हे काठावरून पाहणाऱ्याला कळत नाही. पाण्याखाली गेलेली शेतं, त्यांचे बांध, विहिरींचे कठडे, बाभळीचे खुंट. आमचं माप अशाच कशात तरी अडकलं. होडी पुढे जात होती, तार कडक झाली, मागचा उजवा कोपरा खाली बसला आणि पाण्याची एक जाड पट्टी काठावरून आत आली. भाचा तार सोडवायला त्याच बाजूला वाकला, त्यामुळे काठ आणखी खाली गेला. मामा ओरडले, "इंजिन मार! बस खाली!" इंजिन बंद व्हायच्या आधीच कडाकड आवाज झाला. चारही स्क्रू फायबरचे तुकडे घेऊन उखडले, यंत्र पाण्यात गेलं आणि होडी सरळ झाली.

म्हणजे कच्च्या बसवणीनं आम्हाला वाचवलं. घरी आल्यावर भाचा म्हणाला, आता पक्कं बसवू. मामा म्हणाले, पक्कं असतं तर आज आपण बसलो नसतो इथं. दोघांचंही खरं होतं. हा गुंता सोडवायला मी ती माहितीपुस्तिका पुन्हा वाचली, यावेळी शेवटपर्यंत.

थोडं गणित करू. यंत्राची तार साधारण 150 पौंडांची असते, म्हणजे 68 किलोपर्यंत ताण घेते, मग तुटते. दांडा काठाबाहेर दोन फूट. होडीची निम्मी रुंदी दोन फूट. म्हणजे तार सरळ खाली ताणली गेली, तर मध्यरेषेपासून चार फुटांवर 68 किलो लोंबकळतात. तेवढ्या वजनाची दोन माणसं एकाच काठावर येऊन बसली तर होडी जशी कलेल, तशी ती कलते. आता बोल्टचं बघा. यंत्राची बैठक चार इंच रुंद, दांडा चोवीस इंच. पहारीनं धोंडा उचलतो त्याच न्यायानं हा ताण सहापट होतो आणि आतल्या बाजूच्या बोल्टांवर चारशे किलोंची ओढ येते. पाव इंच फायबरात पिळलेल्या स्क्रूची काय मजाल? नुसता पाच किलोचा गोळा टांगला तरी बोल्टांवर तीस किलो येतात, आणि लाटेचा प्रत्येक हिसका त्यात भर घालतो.

म्हणून बसवणी पक्कीच हवी. पण काहीतरी तुटायचंच असेल तर ते काय असावं, हे आपण आधी ठरवायचं. काठ नको, बैठक नको. रहाटाला एक ब्रेक असतो, तो ढिला-घट्ट करता येतो. गोळा धरून राहील आणि त्याच्या दुपटीएवढी ओढ आली की तार सरकेल, इतपतच तो आवळायचा. आमच्या पोरांनी तो पूर्ण आवळला होता. दुसरी गोष्ट, तार आणि गोळा यांच्यामध्ये तारेपेक्षा कमी ताकदीच्या तंगुसाचा एक फास. अडकलं की तो तुटेल, माप तळाशी जाईल, होडी वर राहील. माप बाजारात मिळतं. तिसरी, तार कापायची पक्कड हाताशी टांगलेली. पोलादी तारेवर सुरी चालत नाही.

यंत्र हरवलं नव्हतं. मामांनी निघताना सवयीनं त्याला एक दोरी बांधून ती आडव्या फळीला अडकवली होती. त्यांच्या होडीत वल्ह्यापासून डब्यापर्यंत प्रत्येक वस्तूला दोरी आहे. यंत्र वर ओढलं, पण त्या काठाला पुन्हा भोक पाडायला मामा तयार होईनात. तेव्हा राहुरीच्या एका सुतारानं तोडगा काढला. दीड इंच जाड सागवानी फळी होडीच्या दोन्ही काठांवर आडवी टाकली, खालून दोन्हीकडे ठोकळे लावले आणि सी क्लॅम्पनं आवळली. यंत्र त्या फळीवर, बोल्ट आरपार, खाली पत्र्याची रुंद पट्टी आणि मोठे वायसर. ताण एका जागी न येता दोन्ही काठांत वाटला जातो. काम झालं की फळी काढून घरी. होडीला एकही भोक नाही.

ज्याला भोकं पाडायचीच असतील त्यानं आधी आत हात घालून बघावं. खाली डिझेलची नळी नाही ना, पोकळीत फोम नाही ना? भोकात सिलिकॉन भरावं, नाहीतर फायबरच्या थरांत पाणी शिरतं आणि लाकूड असेल तर आतून कुजतं. धरणाच्या गोड्या पाण्यात गॅल्वनाइज्ड बोल्ट पुष्कळ टिकतात, कोकणात खाऱ्या पाण्यासाठी स्टेनलेसच हवेत. जागा मागच्या कोपऱ्याजवळची, पण होडी वळताना तार पंख्यात जाणार नाही इतकी बाहेर. आणि वल्हं मारणाऱ्याचं कोपर यंत्राला लागू नये. ही शेवटची सूचना पुस्तिकेत नाही, मामांच्या कोपराला लागल्यावर कळली.

काठ्यांच्या नळ्यांचं काम हलकं आहे, तरी तिथंही तीच पहार आहे. सात फुटी काठी आणि तिच्या टोकाला मासा. आम्ही दीड इंची पीव्हीसी पाइपचे फूटभर तुकडे घेतले, कडा कानशीनं गोल केल्या, तळाशी एक आडवा बोल्ट टाकला म्हणजे काठी फिरत नाही. नळी यंत्राच्या थोडी पुढे ठेवली, बसल्या जागेवरून हात पोचावा म्हणून. काठी उचलायला उभं राहावं लागलं किंवा काठाबाहेर वाकावं लागलं, तर नळी चुकीच्या जागी आहे असं समजावं. आणि काठी वर उचलली की सुटली पाहिजे. आमच्या पहिल्या नळीत ती अशी रुतायची, की मासा जाईपर्यंत निघायची नाही.

खोली मोजायला यंत्रावर आकडे आहेत, पण ते सोडलेल्या तारेची लांबी सांगतात, पाण्याची खोली नव्हे. होडी चालली की तार मागे कलते. ती सरळ रेषेपासून तीस अंश कलली, तर शंभर फूट तारेला गोळा सत्त्याऐंशी फुटांवर असतो. वेग दुप्पट केला तर पाण्याची अडवणूक चौपट होते आणि गोळा आणखी वर येतो. मामांच्या जाळ्याच्या दोरीला दर वावेला गाठ आहे. उभ्या होडीतून ती खाली सोडली की त्यांना तळ कळतो, खुंट कळतो, गाळ कळतो. आता पोरं आधी ती दोरी सोडतात, मग यंत्र.

वाऱ्याचं मात्र कुठल्याच यंत्रावर लिहिलेलं नाही. 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीला निघालेली प्रवाशांची होडी वादळी वाऱ्यात सापडून बुडाली आणि सहा जण गेले. त्या होडीच्या काठावर असलं काही यंत्र नव्हतं. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेला काळं दिसलं, की मामा आधी माप वर घ्यायला लावतात, मग फळीचे क्लॅम्प ढिले करून दांडा आत वळवतात, आणि मग काठाकडे निघतात.

त्या उन्हाळ्यात यंत्रावर एकूण दोन शिवडे मिळाले. भाचा परत गेला. यंत्र मामांच्या पडवीत गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं आहे. फळी मात्र रोज होडीवर असते, जाळं ओढताना तिच्यावर पाय रोवायला बरं पडतं असं मामा म्हणतात. दुकानदाराचं माप आम्ही परत केलं. आम्ही दिलं ते दुसरं, नवं. त्याचं जुनं माप मुळेच्या तळाशी आहे. जाकिटं आता आम्ही अंगात घालतो आणि बसायला गोणपाट नेतो.