संगणक नसलेल्या वर्गातही संगणकशास्त्र शिकवता येते, पण गुरुजींना सोबत हवी

तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार शिकवायचे, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. सुरुवात २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून करायची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा राज्याच्या अभ्यासक्रमावर चालतात, त्यामुळे माढ्याच्या किंवा अक्कलकोटच्या वाडीवर हे उद्याच येईल असे नाही. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच संगणकीय विचारावर भर आहे. आज ना उद्या हा विषय येणार. शहरातल्या महागड्या शाळा त्यासाठी लॅब उभारतील, कंपन्यांचे संच विकत घेतील. आपल्या वस्त्यांतली असंख्य मुले मात्र जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत आहेत. तिथे हा विषय शिकवणार कोण आणि कसा, हा प्रश्न आतापासूनच विचारायला हवा.

आधी विषय समजून घेऊ. संगणक चालवता येणे वेगळे आणि संगणकीय विचार वेगळा. मोठे काम छोट्या पायऱ्यांत तोडणे, सारखेपणा ओळखणे, नको तो तपशील बाजूला काढणे, क्रमवार सूचना लिहिणे आणि कुठे चुकले ते शोधून काढणे, हे सगळे संगणकीय विचारात येते. पहिली ते पाचवीच्या मुलांना यातले बरेचसे यंत्राविना शिकवता येते. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी असे बिनसंगणकाचे खेळ तयार केले आणि ते जगभर वापरले जातात. त्यातला एक खेळ पाच कार्डांचा आहे. कार्डांवर अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ ठिपके काढायचे आणि पाच मुलांच्या हाती द्यायचे. कार्ड समोर धरले तर १, उलटे केले तर ०. एवढ्यावर शून्यापासून ३१ पर्यंतचा कोणताही आकडा तयार होतो. १४ एप्रिलचा १४ घ्या. आठ, चार आणि दोनची कार्डे समोर, बाकीची दोन उलटी, म्हणजे ०१११०. संगणकाच्या पोटात आकडा असाच साठवलेला असतो.

सोलापूरकरांना तर उदाहरण शोधायला लांब जायलाच नको. आपली चादर जकार्ड मागावर विणली जाते. फ्रान्समधल्या जकार्ड नावाच्या विणकराने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग बनवला. जिथे भोक आहे तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे तो खालीच राहतो. एका पुठ्ठ्यावर नक्षीची एक ओळ, आणि पुठ्ठ्यांची माळ म्हणजे पूर्ण नक्षी. १८३० च्या दशकात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच पुठ्ठ्यांची कल्पना घेतली. चौकटीच्या वहीत मुलांनी काळे-पांढरे चौकोन रंगवायचे आणि शेजारच्याला फक्त ‘एक, शून्य, शून्य, एक’ असे सांगून तीच नक्षी काढून घ्यायची. ज्या घरातले आजोबा मागावर राबले, त्या घरातल्या मुलाला या धड्यात सांगण्यासारखे आपले स्वतःचे काही असेल. आता बऱ्याच ठिकाणी जकार्डही इलेक्ट्रॉनिक झाले, हे त्याला कदाचित गुरुजींच्याही आधी माहीत असेल.

मग अडते कुठे? शिक्षकापाशी, पण दोष त्याचा नाही. द्विशिक्षकी शाळेत एकजण दोन-दोन, तीन-तीन इयत्ता सांभाळतो. पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे हे वर आहेच. त्याने स्वतः हा विषय कधी शिकलेला नाही. त्याला एका दिवसाचे ऑनलाइन प्रशिक्षण आणि शेवटी डाउनलोड करायचे प्रमाणपत्र देऊन काही होणार नाही.

इंग्लंडलाही हेच भोगावे लागले. सप्टेंबर २०१४ पासून तिथे पाच वर्षांच्या मुलांपासून कॉम्प्युटिंग हा विषय आला आणि प्राथमिक शिक्षक गांगरले. तेव्हा ‘बेअरफूट’ नावाच्या उपक्रमाने तयार पाठ मोफत दिले आणि संगणक क्षेत्रातले स्वयंसेवक शाळेत जाऊन शिक्षकांच्या कार्यशाळा घेऊ लागले. आपल्याकडे ‘एसीएम इंडिया’ या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये ‘सीएसपाठशाला’ सुरू केली. पहिलीपासूनचे पाठ आणि खेळ तिथे फुकट मिळतात, आणि त्यांतले बरेच बिनसंगणकाचे आहेत.

साहित्य आहे, ते त्या गावच्या बोलीत, त्या वर्गाच्या अंगाने बसवणारा माणूस लागतो. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला, तो क्यूआर कोडच्या पुस्तकांमुळे, एवढेच आपण लक्षात ठेवले. मुलांच्या घरात कन्नड बोलली जाते हे ओळखून त्यांनी आधी ती भाषा शिकून घेतली, याची चर्चा कमी झाली. सोलापुरात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुले एकाच वर्गात बसतात. सूचना क्रमाने लिहायला शिकवताना भाषेचा हा प्रश्न पहिल्याच तासाला येतो.

इथे आपल्या तरुणांचे काम आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले, तेव्हा प्रश्न शाळेच्या दारापर्यंत पोहोचण्याचा होता. आज आपल्यात संगणकाची पदविका, बी.एस्सी., अभियांत्रिकी झालेली मुले-मुली आहेत. त्यांनी वर्ग ताब्यात घेऊ नये. हा मोह आवरलाच पाहिजे, कारण स्वयंसेवक महिनाभरात निघून जातो आणि शिक्षक वर्षभर तिथेच असतो. त्यांनी शिक्षकाबरोबर बसून पाठ आधी करून पाहावा, मराठी शब्द ठरवावेत (‘अल्गोरिदम’पेक्षा ‘क्रमवार कृती’ चौथीला लवकर कळते), पहिल्या दोन-तीन तासांना मागे बसावे आणि अडले तर फोनवर उपलब्ध राहावे. जुने लॅपटॉप वाटण्याचा कार्यक्रम, फोटो, सत्कार हे नंतर, किंवा नाही केले तरी चालेल. विहारातल्या अभ्यासिकेत रविवारी शेजारच्या शाळेतल्या बाईंना आणि गुरुजींना बोलावून हा सराव करता येईल.

केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. केंद्रप्रमुखांना आधी भेटून त्या दिवशी अर्धा तास मागावा. सोबत पुठ्ठ्याची पाच कार्डे आणि एक चौकटीची वही पुरते.