खचणे आणि सावरणे

मराठीत मनासाठी एक मोठा बोलका शब्द आहे : खचणे. विहीर खचते, पावसात रस्ता खचतो, तसे मनही खचते. ते एका दिवसात होत नाही. आत पाणी मुरत असते आणि वरून सारे ठाकठीक दिसते. आमच्या साताऱ्या-सांगलीकडे बँकांतून, शाळांतून, इस्पितळांतून राबणाऱ्या कितीतरी माणसांची आज हीच तऱ्हा आहे. कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या या थकव्याची जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली दखल घेतली; मात्र हा रोग नव्हे, कामाच्या परिस्थितीतून उपजणारी अवस्था आहे, असे बजावूनच!

मग खचलेली माणसे सावरतात कशी? लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच पाहा ना. चित्रकार होण्यासाठी मुंबईस गेले, तो रंगांधळेपण आड आले. तंत्रशाळेत शिक्षक झाले, तर हक्काची बढती दुसऱ्याच्या पदरात पडली. बेळगावास लोखंडी नांगर केले. पण लोखंडाने जमीन नासते, म्हणून शेतकरी ते घेईनात. पुढे कारखान्याची जागाही सोडावी लागली. त्या वेळी औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तेच नांगर विकत काही काळ हिंडलेले भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. मुलांच्या पोटाला धान्य उरेना, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा काढून दिले.

व्याकरण शिकवताना मी मुलांना नेहमी सांगतो, की ‘सावरणे’ हे क्रियापद दोन्हीकडून चालते. माणूस स्वतः सावरतो आणि दुसऱ्यालाही सावरतो. या दोन्ही कथांत नुसती जिद्द नाही. ऐन वेळी पुढे आलेला दुसऱ्याचा हातही आहे. जिद्दीचे पोवाडे आपण गातो, त्या हाताचे गात नाही. लक्ष्मीबाई १९३० साली वारल्या. सर्वांना सावरणाऱ्या त्या माउलीला कोण सावरत होते, हा प्रश्न मला राहून राहून छळतो.

तुमच्या घरातही अशी एक व्यक्ती असेल. कचेरीतून येऊन स्वयंपाकाला लागणारी सून असेल, नाही तर हप्त्यांच्या काळजीने अबोल झालेला मुलगा असेल. “एवढे काय मनाला लावून घेतेस?” असे तिला म्हणू नका. तिचे एखादे काम उचला आणि जवळ बसून ऐका. झोप उडाली, कशातच गोडी वाटेना आणि असे दोन आठवडे चालले, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नका. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते.

फराळाचे ताट सर्वांपुढे ठेवून शेवटी बसणारे माणूस जेवले का, एवढे यंदा पाहाल ना?