पाच व्होल्टचा प्रश्न : वाइडबँड सेन्सर आणि इसीयू

मागच्या वेळी तुमच्यापैकी एकाने विचारलं, की सर, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरच्या वायर थेट बाहेरून बसवलेल्या इसीयूला जोडल्या तर काय बिघडतं? आज तेवढंच बोलू.

आधी जुना, नॅरोबँड सेन्सर आठवा. तो साधारण शून्य ते एक व्होल्ट देतो. ०.४५ च्या वर गेला की मिश्रणात पेट्रोल जास्त, खाली आला की हवा जास्त. पण किती जास्त? ते तो सांगत नाही. हो किंवा नाही, एवढंच त्याचं उत्तर. इंजिनाचं ट्यूनिंग करणाऱ्याला 'किती' हवं असतं.

वाइडबँडमध्ये, उदाहरणार्थ बॉशच्या एलएसयू ४.९ मध्ये, दोन पेशी असतात. एक नेर्न्स्टची पेशी, म्हणजे जुन्याच सेन्सरचं तत्त्व. दुसरी पंप-पेशी, जी वीज दिली की ऑक्सिजन आत-बाहेर ढकलते. मधल्या चिमुकल्या पोकळीत एक्झॉस्टचा वायू येतो. बाहेरचं सर्किट काय करतं, तर नेर्न्स्ट-पेशी कायम ०.४५ व्होल्टवर राहील इतकाच ऑक्सिजन पंप करत राहतं. त्यासाठी लागलेला प्रवाह हेच आपलं माप. मिश्रण अचूक असेल तर प्रवाह शून्य, हवा जास्त असेल तर धन, पेट्रोल जास्त असेल तर ऋण.

म्हणजे बघा, हा सेन्सर आपणहून काही बोलतच नाही. त्याला सतत प्रश्न विचारणारा कोणीतरी लागतो. तो म्हणजे कंट्रोलर. काही इसीयूंमध्ये तो आतच असतो. नसेल तर सेन्सरच्या वायर इसीयूच्या साध्या इनपुटला जोडून हाती काहीही लागत नाही.

वायरी पाच; लाल पंपाची, काळी नेर्न्स्टची, पिवळी दोघांची सामायिक, करडी आणि पांढरी हीटरची. कनेक्टरमध्ये मात्र सहा पिना. कारण प्रत्येक सेन्सर किंचित वेगळा निपजतो आणि तो फरक सांगणारा रेझिस्टर कनेक्टरमध्येच बसवलेला असतो. वायर आखूड पडली म्हणून कनेक्टर कापून फेकणारे मी पाहिलेत. ते सेन्सरची जन्मपत्रिकाच फेकतात.

हीटर कशाला? झिर्कोनिया तापल्याशिवाय ऑक्सिजनचे आयन वाहू देत नाही. गंमत म्हणजे नेर्न्स्टने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच जातीच्या मातीचा दिवा केला होता. तोही आधी तापवावा लागे! आपला सेन्सर साधारण ७८० अंशांवर काम करतो. म्हणून इंजिन सुरू होण्याआधी हीटर पेटवून ठेवू नका. पाइपात साचलेल्या पाण्याचा थेंब उडाला तर सिरॅमिक तडकतं. आणि उलट, हीटर बंद ठेवून इंजिन चालवलं तर काजळी धरते. फ्यूज आणि रिले लावून, इंजिनाबरोबर चालू-बंद होणारा सप्लाय द्या.

आता खरी गोम. कंट्रोलर इसीयूला शून्य ते पाच व्होल्टचा सिग्नल देतो. इनोव्हेटच्या एलसी-२ चं मूळ सेटिंग घ्या : शून्य व्होल्ट म्हणजे हवा-इंधन प्रमाण ७.३५, पाच व्होल्ट म्हणजे २२.३९. म्हणजे एका व्होल्टला जवळजवळ ३ अंकांचा फरक. हीच रेषा इसीयूच्या सॉफ्टवेअरमध्येही भरायची. इथपर्यंत सगळे करतात.

पण व्होल्ट कशाच्या तुलनेत? व्होल्टेज हा नेहमी दोन बिंदूंमधला फरक असतो. गॅरेजमध्ये ज्याला 'अर्थ' म्हणतात, त्यावरच त्या आकड्याचा अर्थ ठरतो. (चाळीस वर्षं वर्गात दुसरा 'अर्थ' शिकवला, म्हणून हसू येतं.)

माझा भाचा रॅलीसाठी गाडी बांधतो. त्याने कंट्रोलरचा अर्थ बॉडीला दिला आणि इसीयूचा इंजिनावर, गंजलेल्या बोल्टखाली. फुल थ्रॉटलला गेजवर १३.१, लॅपटॉपवर १२.५. तो म्हणाला, मामा, गेज बिघडलाय. मी म्हटलं, बाबा रे, गेज कंट्रोलरला जवळून ऐकतोय, इसीयू भिंतीपलीकडून. इंजेक्टरांचा प्रवाह त्या गंजातून परत जाताना इसीयूचा अर्थच ०.२ व्होल्ट वर उचलला जात होता. म्हणून सिग्नल तेवढा कमी दिसे. ०.२ गुणिले ३, म्हणजे ०.६. हिशेब जुळला.

यातली वाईट गोष्ट ही, की लोड वाढला की इंजेक्टरांचा प्रवाह वाढतो आणि चूकही वाढते. म्हणजे चूक सगळ्यात मोठी होते ती नेमकी जिथे इंजिनाला पेट्रोलची सगळ्यात जास्त गरज असते तिथे. पेट्रोल भरपूर आहे असं समजून ऑटोट्यून ते आणखी कापणार. टर्बो असेल तर पिस्टन जायला वेळ लागत नाही.

उपाय साधा. कंट्रोलरचा आणि इसीयूचा अर्थ इंजिन ब्लॉकवर एकाच ठिकाणी, धातू घासून स्वच्छ करून द्या. हीटरचा परतीचा प्रवाह इसीयूच्या सेन्सर-ग्राउंडमध्ये कधीही सोडू नका. मग इंजिन चालू, पंखा आणि हेडलाइट लावून, दोन्ही अर्थांमध्ये मल्टिमीटर धरा. काही मिलिव्होल्टच्या पुढे आकडा गेला तर वायर पुन्हा तपासा. दोन्हींकडे कॅनबस असेल तर तीच वापरा. तिथे आकडा आकडा म्हणूनच जातो, व्होल्ट बनून नाही.

भाच्याने बोल्ट बदलला, दोन्ही वायर शेजारी-शेजारी आणल्या. आता दोन्ही पडद्यांवर १३.१ दिसतं. पेट्रोलचा नकाशा मात्र त्याला पुन्हा पहिल्यापासून भरावा लागला.