सज्जाखालचं आग्या मोहोळ

दिवाळी सरली की पुण्या-नाशिकच्या उंच इमारतींच्या सज्जांखाली, पाण्याच्या टाक्यांखाली मीटरभर रुंदीची काळपट पोळी लटकू लागतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतो आणि पाठोपाठ पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर. ही घाई माश्यांच्या जिवावर उठते आणि बरेचदा रहिवाशांच्याही.

मोहोळ आता कायमचं मुक्कामाला आलं, हा पहिला गैरसमज. आग्या माश्या मुळात भटक्या. फुलोरा असेल तिथे उतरतात, तो ओसरला की पोळं सोडून निघून जातात. हिवाळ्यात आलेलं मोहोळ सहसा पावसाळ्याच्या आत उठतं, मागे उरतं ते रिकामं मेण.

फवारलेल्या विषाने मात्र खाली माश्यांचा खच पडतो, वाचलेल्या सैरभैर होऊन दिसेल त्याला डसतात, पोळ्यातला मधही विषारी होतो. शिवाय जागा सोयीची असेल तर पुढच्या हंगामात तिथेच नवं मोहोळ बसतं. ‘रात्री माश्या झोपलेल्या असतात, तेव्हाच उरकून टाकू’ हेही चुकीचं. आग्या माशी चांदण्या रात्री फुलांवर जाते. अंधारात पोळं छेडलं तर माश्या थेट दिव्याकडे झेपावतात. म्हणजे लोकांच्या घरात.

पोळ्याकडे टक लावून पाहिलं तर त्यावरून मधूनच एक लाट सळसळत जाते. हल्ल्याची तयारी समजून लोक धास्तावतात. प्रत्यक्षात बाहेरच्या थरातल्या शेकडो माश्या एकामागोमाग पोट वर उचलतात, त्याची ती लाट. माश्यांची शिकार करणाऱ्या मोठ्या गांधीलमाशीला बिचकवण्यासाठी हा खटाटोप असतो. आग्या माश्या माणसावर तुटून पडतात त्या बहुतेकदा धूर, दगड किंवा घारीच्या झडपेने पोळं हादरल्यावर.

अशा वेळी निपचित पडून राहू नये, पाण्यातही उडी मारू नये. वर आलेल्या डोक्यावर माश्या पुन्हा तुटून पडतात. तोंड झाकून पळावं, खोलीत शिरून दार लावावं. मधमाशीचा काटा कातडीत रुतून तुटतो आणि त्याला लागलेली विषाची पिशवी आकुंचन पावत राहते. बहुतेक विष पहिल्या वीसेक सेकंदांतच आत उतरतं, म्हणून काटा नखाने असो वा चिमटीने, ताबडतोब काढणं महत्त्वाचं. चुना लावण्यात, लोखंड घासण्यात वेळ दवडू नये. श्वास कोंडला, जीभ-ओठ सुजले, घेरी आली तर रुग्णालय गाठावं. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. पुष्कळ डंख बसले असतील तर बरं वाटत असूनही डॉक्टरांकडे जावं, कारण मूत्रपिंडावर परिणाम नंतर दिसू शकतो.

‘पेटीत भरून न्या ना’ हा आग्रहही नेहमीचा. पेटीत नांदते ती सातेरीसारखी मधमाशी. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२मध्ये ‘मधाचं गाव’ झालं ते पेट्यांतल्या मधमाशीपालनाच्या जोरावर. आग्या उघड्यावर एकच पोळं बांधते, तिला पेटी मानवत नाही.

पोळं शाळेच्या दारावर किंवा ये-जा करण्याच्या जिन्यावरच असेल तर वाट पाहून चालत नाही. तिथे विष न वापरता माश्या उठवून पोळं उतरवणारे प्रशिक्षित लोक बोलवावेत. चौकशीसाठी केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२पासून पुण्यातच आहे. एरवी पोळ्याजवळच्या खिडक्यांना जाळी बसवावी, संध्याकाळनंतर त्या बाजूच्या बाल्कनीतला दिवा बंद ठेवावा आणि खाली शेकोटी पेटवू देऊ नये.