जुन्या पीसीला नेमकं काय कमी पडतंय?

जालना, अंबड किंवा भोकरदनच्या अनेक घरांतला पीसी मुळात खेळासाठी घेतलेलाच नसतो. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला सेकंडहँड डेल किंवा एचपी, आत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क. टॅली आणि ऑनलाइन फॉर्म यांना तो पुरतो. पोरानं ‘जीटीए फाइव्ह’ टाकला की मात्र हँग होतो, आणि मग ‘ग्राफिक्स कार्ड टाकून घे’ हा सल्ला हमखास मिळतो.

सल्ला बरोबरही असू शकतो. पण पैसे मोजण्याआधी एक फुकटची चाचणी करावीच. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणावं. पडद्यावर रंगवायचे ठिपके २० लाख ७३ हजारांवरून ९ लाख २१ हजारांवर येतात, म्हणजे ग्राफिक्सचं काम निम्म्याहून कमी होतं. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, झपाट्यानं वाढली, तर कमी पडतंय ते ग्राफिक्स. आकडा जागचा हलला नाही, तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची आहे. तिथे महागडं कार्डही फारसं काही करू शकत नाही.

सगळ्यात स्वस्तात फरक पडतो तो रॅममुळे. वेगळं कार्ड नसलेल्या पीसीत ग्राफिक्सला मेमरी रॅममधूनच घ्यावी लागते. डीडीआर-थ्री १६०० ची एकच पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त १२.८ जीबी माहिती पुरवते. जोडीनं दोन लावल्या की हा आकडा दुप्पट होतो. म्हणून ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ च्या दोन बऱ्या.

एसएसडीबद्दल गैरसमज बराच आहे. ती लावली की विंडोज पटकन सुरू होते, गेम लवकर लोड होतो, मोठ्या नकाशात मध्येच बसणारे झटकेही कमी होतात. एफपीएस मात्र जवळपास तोच राहतो.

कार्ड घ्यायचंच ठरलं, तर आधी कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, लेबल वाचावं. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉटपर्यंतच वीज मिळते. जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० ची साधी मॉडेल्स तेवढ्यात चालतात, त्यांना वेगळी केबल लागत नाही. जास्त वीज खाणारं कार्ड आणलं की एसएमपीएस बदलणं आलं, आणि डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० सारख्या पीसीत मदरबोर्डचा कनेक्टरच वेगळा, ८ पिनांचा असल्यानं बाजारातला साधा एसएमपीएस थेट बसत नाही. कॅबिनेट आडवं, पातळ असेल तर लो-प्रोफाइल कार्डच लागतं.

सेकंडहँड कार्ड चालू पीसीत लावून बघितल्याशिवाय घेऊ नये. जुन्या कार्डाचं बायोस बदलून ते १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार झालेले आहेत. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं, तर अशी बरीच बनावट कार्डं नावापुढे ‘फेक’ अशी खूण दाखवून उघडी पडतात.

जालन्यात आणखी एक गोष्ट पीसीला मागे ओढते: उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि कॅबिनेटमध्ये धुळीचा थर साचलेला असतो. चौथ्या पिढीचे हे प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतात. गेम सुरुवातीला नीट चालून वीसेक मिनिटांनी अडखळू लागला, तर आधी ब्लोअर मारावा, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. दुकानात नेण्याआधी हे केलंच पाहिजे. कित्येकदा तेवढ्यावर भागतं.

काही गोष्टी मात्र पैशानंही सुटत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे बहुतेक आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर आहेत. आडमार्गानं ती जुन्या पीसीवर टाकली, तरी ‘व्हॅलोरंट’ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षा सोयी मागतो. त्यामुळे चौथ्या पिढीच्या पीसीवर मोठा खर्च करताना पुढचा पीसीही डोळ्यांसमोर ठेवावा. एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड काढून त्यात बसवता येईल. डीडीआर-थ्री रॅम नव्या मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसत नाही, म्हणून ती सेकंडहँड आणि गरजेपुरतीच घ्यावी.