गन थुंकते तेव्हा

"आप्पा, गन थुकी ऱ्हायनी!"

पोराची हाक आली तेव्हा ट्रॉलीची एक बाजू निम्मी निळी झाली होती आणि ओल्या रंगावर मोहरीएवढे थेंब उठले होते. आप्पांनी थेंबांकडे पाहिलंही नाही. रंग फवारायची गन हातात घेऊन कपाच्या झाकणावरचं बारीक भोक उजेडात धरलं. त्यात वाळलेल्या रंगाचा ठिपका बसला होता. खराट्याची काडी फिरवून भोक मोकळं केलं, ट्रिगर दाबला, आणि गन पुन्हा एका सुरात चालू लागली. पोर मात्र नवीन गन आणायच्या तयारीत होता.

आप्पांची शेड आहे त्या पारोळ्याच्या अंगावरून सुरत-नागपूर महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक 6 होता, आता 53 आहे. एवढ्या रहदारीच्या कडेला वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग, ट्रॉलीची कामं रुजणारच. कापूस वेचणीला येण्याआधी शेतकरी ट्रॉली रंगवून घेतो. त्या दिवसांत अशा शेडमध्ये उभं राहायलाही जागा नसते. यातल्या बऱ्याच शेडचा संसार हजार रुपयांच्या आतबाहेरच्या गनवर चालतो. स्वस्त गन वाईट, असं लोक सहज म्हणतात. मला ते पटत नाही. महागड्या गनमध्ये भोकं अधिक नेमकी असतात, सुई-नोझल जास्त टिकतात, हे खरं. पण फेकून दिलेल्या स्वस्त गनांपैकी कितीतरी नुसत्या तुंबलेल्या असतात.

या अवजाराचं मूळ दवाखान्यात आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात टोलेडो गावी ॲलन डेव्हिलबिस या डॉक्टरांनी घशात औषध फवारायचं साधन बनवलं आणि 1888 साली कंपनी काढली. त्यांचा मुलगा थॉमस यानं तीच युक्ती 1907 च्या सुमारास रंगाला लावली. पुढे 1920 च्या दशकात झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला. तोवर मोटारीला ब्रशने एकावर एक हात देण्यात आठवडे जात. लॅकर आणि गन यांच्या जोडीनं ते काम दिवसांवर आणलं.

आतलं तत्त्व मात्र अजून तेच आहे. रंगाच्या नोझलभोवती हवेसाठी बारीक गोल फट असते. तिथून जोरात निघालेली हवा नोझलच्या तोंडाशी दाब कमी करते, खालच्या कपातला रंग वर ओढला जातो आणि फुटून तुषार होतो. मग नोझलवर बसणाऱ्या कॅपच्या दोन शिंगांमधून आलेली हवा त्या गोल फवाऱ्याला दोन्हीकडून चेपून पंख्यासारखा पसरवते. ट्रिगरला दोन टप्पे असतात: अर्धा दाबला की नुसती हवा, पूर्ण दाबला की सुई मागे सरते आणि रंग सुटतो. जाणता हात आधी हवा सोडतो, मग रंग, आणि थांबताना उलट. नवशिका एकदम दाबतो आणि पट्ट्याच्या सुरुवातीलाच डाग पाडतो.

बिघाड ओळखायला जुनं वर्तमानपत्र भिंतीला चिकटवावं, गन वीतभर अंतरावर धरून क्षणभर ट्रिगर दाबावा. कागदावर उभा, लांबट, दोन्ही टोकांना निमुळता ठसा उमटला तर गन ठीक. ठसा चंद्रकोरीसारखा एका बाजूला वाकला तर एखादं भोक तुंबलं आहे. कुठलं, ते शोधायची पद्धत मला फार आवडते. कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा फवारायचं. कोरही उलटी झाली तर घाण कॅपमध्ये; कोर जागेवरच राहिली तर नोझलच्या तोंडाशी. एकही पाना न उचलता निदान होतं.

ठसा मधे बारीक आणि टोकांना जाड, म्हणजे डमरूसारखा आला, तर हवा जास्त किंवा रंग फार पातळ. मधेच जाड आला तर हवा कमी किंवा रंग घट्ट. आणि गन थुंकत असेल, तर एक तर आप्पांनी मोकळं केलं तसं झाकणाचं भोक तुंबलेलं असतं, नाहीतर रंगाच्या वाटेत कुठून तरी हवा शिरते आहे: नोझल ढिलं, कपाचं गॅस्केट फाटलेलं, सुईभोवतीचं पॅकिंग सुकलेलं, किंवा कपात रंगच तळाला गेलेला. पॅकिंगवर मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकून नट हलका आवळावा. जास्त आवळला तर सुई परतत नाही आणि ट्रिगर सोडल्यावरही रंग गळत राहतो.

पुष्कळदा दोष कंप्रेसरचाच असतो. दाबाच्या घड्याळात 50 पौंड दिसतात, पण ट्रिगर दाबताच काटा खाली येतो. दाब वाचायचा तो गन चालू असताना. एक एचपीचा कंप्रेसर मोठी गन फार वेळ पोसू शकत नाही; मधे थांबून टाकी भरू द्यावीच लागते.

इथल्या, खानदेशच्या हवेनं या कामात आपले नियम घातले आहेत. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा तुषार पत्र्यावर पोहोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि हाताला खरखर लागते. म्हणून सकाळी लवकर काम, आणि सावकाश उडणारं थिनर. पावसाळ्यात उलट तऱ्हा: कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, लॅकरवर पांढुरकी झाक येते. टाकीच्या तळाचा नळ रोज उघडून पाणी काढायचं, एवढं एक काम चुकवू नये.

धुताना अख्खी गन थिनरच्या डब्यात बुडवून ठेवणं हा तिचा छळ आहे. पॅकिंग खराब होतात, आतलं तेल धुऊन निघतं, सुटलेली घाण हवेच्या वाटांत जाऊन बसते. कपात थोडं थिनर घेऊन फवारावं, कॅप आणि नोझल काढून मऊ ब्रशने पुसावं. भोकांत तार घालू नये. पितळ मऊ असतं. एक ओरखडा पडला की ठसा कायमचा वाकडा.

एका गोष्टीबद्दल मला आग्रहानं सांगायचं आहे. दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते मुळीच अडवत नाही. असा रंग मारायचा तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. तो नसेल तर गिऱ्हाइकाला साधा इनॅमल सुचवावा, आणि इनॅमलच्या वाफेसाठीही कार्बनच्या डब्यांचा मास्क चढवावाच.

संध्याकाळी आप्पांनी गन पोराच्याच हातात दिली. त्यानं कॅप सोडवून कापडावर ठेवली, सुई पुसली, पॅकिंगवर तेलाचा थेंब सोडला. मग सगळं जोडून कपात थिनर घेतलं आणि भिंतीवरच्या कागदावर एकदा फवारलं. ठसा उभा, सरळ आला. पोरानं तरीही कॅप अर्धा फेरा फिरवली आणि आणखी एकदा ट्रिगर दाबला.