१४२ टन आणि एक थेंब

सातपाटीच्या बंदरात बोट लागते, मासळी उतरते आणि पाटी बाईच्या डोक्यावर चढते. बाईचं वजन ५५ किलो आणि पाटीचं २० धरू. चालताना दर पावलाला गुडघ्यावर एकूण वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, म्हणजे जवळपास १९० किलो. एका किलोमीटरला १,५०० पावलं धरली तर निम्मी एका गुडघ्याच्या वाट्याला येतात. बेरीज होते १४२ टन. दहा-दहा टनांचे चौदा ट्रक, एका गुडघ्यावरून, एका किलोमीटरात!

हा भार पेलते ती कूर्चा, जिला दवाखान्यात सगळे ‘गादी’ म्हणतात. तिची जाडी बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटर. तिच्यात मज्जातंतू नाहीत, म्हणून झिजताना ती स्वतः दुखत नाही. रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून झीज भरून येत नाही. त्वचेतलं निम्मं कोलॅजेन बदलायला सुमारे १५ वर्षं लागतात. कूर्चेतलं निम्मं बदलायला ११७. म्हणजे वाढीच्या वयात मिळालेली गादीच जन्मभर पुरवायची. एक्स-रेत तर ही गादी दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट. ती अरुंद झालेली कळते, तोवर बरंच काही गेलेलं असतं.

मात्र झिजणाऱ्या सांध्यातले प्रथिनांचे तुकडे वंगणात उतरतात आणि तिथून रक्तात पोचतात. ते शोधणं किती अवघड? रक्तद्रवातल्या प्रथिनांत सर्वाधिक असतं अल्ब्युमिन. इंटरल्युकिन-६ सारखी प्रथिनं वजनाने त्याच्या सुमारे एक हजार कोटीव्या भागाइतकी. मासळीने भरलेले दहा टनांचे एक हजार ट्रक उभे करा आणि त्यात एक ग्रॅम जवळा शोधा, तसं हे प्रमाण.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. व्हर्जिनिया क्राउस यांच्या गटाने याच गर्दीत शोध घेतला. गुडघ्याची झीज असलेल्या ५९६ जणांच्या रक्तातून त्यांनी १३ प्रथिनांच्या १५ खुणा निवडल्या आणि २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्याचा गुडघा चार वर्षांत बिघडणार तो एक आणि ज्याचा टिकणार तो एक, अशा जोड्या घेतल्या, तर या खुणा शंभरपैकी ७३ वेळा बिघडणारा बरोबर ओळखतात. नाणं उडवलं तर ५० वेळा जमेल. सुरुवातीच्या दुखण्यावरून आणि एक्स-रेवरून ५९ वेळा. २०२४ मध्ये याच गटाने ब्रिटनमधल्या २०० स्त्रियांचे साठवलेले रक्तनमुने तपासले. काहींच्या रक्तात झिजेची खूण एक्स-रेच्या आठ वर्षं आधीच उमटली होती.

आठ वर्षं म्हणजे आठ नारळी पौर्णिमा. भारतात सांधेझिजेचे रुग्ण १९९० मध्ये अंदाजे २.३ कोटी होते, २०१९ मध्ये ६.२ कोटी. त्यांच्यासाठी ही आठ वर्षं फार मोलाची आहेत. पण १५ खुणा ज्या रक्तातून निवडल्या, ते पाटी वाहणाऱ्या, उकिडवं बसून मासळी साफ करणाऱ्या बायांचं नव्हे. घरोघर जाऊन सांधे तपासणं आपल्याला नवं नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने ४,०९२ प्रौढांची पाहणी केली. ७४६ जणांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं निघालं. तशीच पाहणी, रक्ताच्या नमुन्यांसह, किनाऱ्यावरच्या गावांतही व्हायला हवी.

या खुणांची रक्तचाचणी गावच्या दवाखान्यात येईल तेव्हा येईल. आजचं गणित मात्र आजच करता येतं. पाटीतून पाच किलो उतरवले, तर दर किलोमीटरला एका गुडघ्यावरून नऊ टन उतरतात. पाटी चाकांवर ठेवली, तर वीसच्या वीस किलोंचे साडेसदतीस टन.